झिजलेल्या लेथवर नवा नट

लेथच्या क्रॉस स्लाइडखाली गनमेटलचा एक नट असतो. हँडल फिरवले की त्याच्यातून जाणारा पोलादी स्क्रू फिरतो आणि नटासकट स्लाइड पुढे-मागे सरकते. या जोडीत नट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो: ८८ भाग तांबे, १० भाग कथील, २ भाग जस्त. झिजायचे ते त्याने, कारण स्क्रूपेक्षा तो करणे स्वस्त पडते. कालांतराने हँडल पाव-अर्धा फेरा नुसतेच फिरते आणि टूल जागचे हलत नाही. मग टर्नर म्हणतो, ‘प्ले आलाय.’ मुरुडसारख्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेचा गंज आणि बिडाची भुकटी तेलात मिसळून ही झीज वाढवतात. प्रश्न असा, की पडवीतल्या वर्कशॉपात, त्याच झिजलेल्या लेथवर, त्याचाच नवा नट करावा का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ते सरसकट नाही. जो दोष काढायचा आहे, त्याच दोषावर नव्या भागाचे माप अवलंबून नसेल, तर घरचे काम हे जुगाड नव्हे, रीतसर यंत्रकाम आहे.

पहिला आक्षेप सरळ आहे: विकत का आणू नये? मिळत असेल तर जरूर आणावा. पण लहान वर्कशॉपांतले लेथ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे असतात, आणि ते बनवणारे कारखाने टिकलेच असे नाही. १९४१ साली हरिहरला उभ्या राहिलेल्या म्हैसूर किर्लोस्करने देशभर लेथ पुरवले. तो कारखाना पुढे बंद पडला, त्याची यंत्रे मात्र चालू आहेत. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर ‘तसाच’ नट मिळेलही. पण पिच तीच आणि आटे उलटे, शिवाय भोकाची उंची याच स्लाइडला जुळणारी, हे सगळे एकत्र सापडणे अवघड. त्यात मुरुडला रेल्वे नाही. नमुना घेऊन जाणे, चुकला तर परत जाणे, यात दिवस जातात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि शाफ्ट-बुशची कामे तेव्हाच निघतात. त्या दिवसांत थांबलेला लेथ नटाच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जे यंत्रच ढिले, त्यावर अचूक भाग कसा निघेल? इथे अचूकपणा कुठून येतो ते पाहायला हवे. आट्यांची पिच क्रॉस स्लाइड ठरवत नाही; ती ठरते लीड स्क्रू आणि चेंज गिअर यांच्यावर. लीड स्क्रूतली चूक लांबीबरोबर साचत जाते, आणि चाळीसेक मिलिमीटरच्या नटात ती साचायला जागाच नसते. राहिली आट्यांची खोली. प्ले त्रास देतो तो दिशा बदलताना. म्हणून टूल मागे घेतले की गरजेपेक्षा थोडे जास्त घ्यायचे आणि मापाकडे नेहमी एकाच बाजूने यायचे. हँडलवरच्या आकड्यांवर भरवसा न ठेवता स्लाइडला डायल इंडिकेटर लावायचा आणि गिब किंचित आवळायचा, म्हणजे टूल आपण होऊन धातूत ओढले जात नाही. हँडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्यावर टूल जॉबकडे जावे म्हणून या स्क्रूचे आटे बहुधा उलटे असतात. असे आटे आतून पाडताना कॅरेज चकाकडून टेलस्टॉककडे सरकते. म्हणजे टूल आधी भोकातून पार नेऊन पलीकडून सुरुवात करावी लागते. त्यासाठी ठोकळा फोर-जॉ चकात थोडा पुढे धरायचा, नाहीतर टूल चकावर आदळेल. खोली पुरी होत आली की शेवटचा हात घरीच केलेल्या टॅपचा. सिल्व्हर स्टीलवर त्याच पिचचे आटे पाडायचे, खाचा काढायच्या, लाल तापवून पाणी द्यायचे आणि गवती पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा हलके तापवायचे. जुना नट या सगळ्या वेळात जागेवरच असतो. स्वतःचा वारस घडवण्याइतके काम तो नक्की देतो.

तिसरा आक्षेप स्क्रूकडे बोट दाखवतो, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही; ज्या टप्प्यात रोजचे काम होते तिथे आटे पातळ होतात आणि टोके जवळपास कोरी राहतात. मधल्या भागाला घट्ट बसणारा नट केला तर तो टोकाशी अडकेल. टोकाला जुळवला तर मध्ये प्ले उरेल. तेव्हा आधी स्क्रूचे माप तीन-चार ठिकाणी घ्यावे. फरक थोडा असेल तर नट टोकाला जुळवून उरलेला प्ले सहन करावा. जास्त असेल तर स्क्रूही नवा करावा. तोही याच लेथवर निघतो, कारण त्याची पिचसुद्धा लीड स्क्रूच देतो. मजुरीचा हिशेब तासांवर केला तर हे सगळे परवडत नाही, असे कोणी म्हणेल. नुसत्या नटासाठी ते खरेच आहे. पण आकृती आणि टॅप मागे राहतात, आणि झिजणे हेच ज्याचे काम, तो भाग पुन्हा लागणारच.

आता अट कुठे लागू होते ते. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लीने १८०० च्या सुमारास लीड स्क्रू, स्लाइड आणि चेंज गिअर एकत्र आणले, तेव्हापासून लेथ हे आपल्या लीड स्क्रूची नक्कल करणारे यंत्र आहे. म्हणून लीड स्क्रूच झिजला असेल तर तो त्याच लेथवर करू नये. नव्या पोलादात जुनी चूक उतरेल. बेड बसला असेल तर तो ग्राइंडिंगला मोठ्या कारखान्यातच गेला पाहिजे. चकाजवळच्या बेअरिंगच्या जागेलाही हाच न्याय, कारण घरात निघणारी प्रत्येक गोलाई तिच्यावरच तोललेली असते. क्रॉस स्लाइडचा नट, टूलपोस्टचा बोल्ट, हँडलचा बुश यांचे माप मात्र यंत्राच्या शाबूत अंगावरून घेता येते. डायल लावून दोष नेमका कुठे आहे हे आधी ठरवले, तर काय घरी करायचे आणि काय बाहेर पाठवायचे, याचा वेगळा वाद घालावा लागत नाही.