विनिर्दिष्ट जोखीम ऊतके

विनिर्दिष्ट जोखीम ऊतके : गाय, बैल, मेंढी, बकरी इ. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या शरीरातील ज्या भागांत प्रिऑनजन्य रोगांचे संक्रामक द्रव्य साठण्याचा संभव असतो आणि म्हणून कत्तलीच्या वेळी किंवा मांसावर प्रक्रिया करताना जे भाग वेगळे काढून नष्ट करणे कायद्याने बंधनकारक केलेले असते, त्या ऊतकांना (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांना) ही संज्ञा देतात. मेंदू, मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर), डोळे, गिलायू (टॉन्सिल) व लहान आतड्याचा शेवटचा भाग यांचा त्यांत प्रामुख्याने समावेश होतो.

मांसाच्या तपासणीची नेहमीची पद्धत दोन गोष्टींवर आधारलेली आहे. क्षयाच्या गाठी, पट्टकृमींचे कोश यांसारखे विकार तपासनिसास डोळ्यांनी दिसतात व तेवढा भाग किंवा सर्व मांस बाद करता येते. जे नजरेतून सुटते, ते बहुधा शिजविण्याच्या उष्णतेने निरुपद्रवी होते. प्रिऑनजन्य रोगांच्या बाबतीत हे दोन्ही उपाय निरुपयोगी ठरतात. संसर्ग झालेले जनावर कित्येक वर्षे पूर्णपणे निरोगी दिसते आणि संक्रामक द्रव्य शिजविल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे रोगी जनावर ओळखून बाजूला काढण्याऐवजी, निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक जनावराच्या शरीरातून ठराविक भाग न चुकता काढून टाकणे, हा मार्ग अवलंबावा लागला. या मार्गाचे यश कायद्याच्या शब्दांपेक्षा कत्तलखान्यातील सुरी व करवत चालविणाऱ्याच्या कामावर अवलंबून असते, हे ग्रेट ब्रिटनमधील अनुभवावरून दिसून आले.

रोगकारक : गुरांमधील या गटातील रोगास गोवंशीय स्पंजसम मस्तिष्कविकृती (बीएसई) असे नाव असून तो ‘मॅड काऊ रोग’ या नावाने सर्वसामान्यांस परिचित आहे. रोगी जनावराच्या मेंदूत सूक्ष्म पोकळ्या निर्माण होऊन तो स्पंजासारखा दिसतो. जनावर बुजते, अडखळत चालते व अखेर मरते. मेंढ्यांमधील स्क्रेपी हा याच गटातील रोग दोन शतकांहून अधिक काळ ज्ञात आहे. या रोगांचे कारण जंतू किंवा व्हायरस नसून घडीची रचना बिघडलेले प्रथिन हे होय. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये त्यास प्रिऑन हे नाव दिले. या संशोधनाबद्दल त्यांना १९९७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. उकळणे, फॉर्माल्डिहाइड, जंबुपार किरण यांसारख्या जंतुनाशनाच्या नेहमीच्या उपायांस प्रिऑन दाद देत नाही.

संक्रामक द्रव्य शरीरात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. रोगाची लक्षणे दिसू लागलेल्या जनावराच्या शरीरातील एकूण संसर्गक्षमतेपैकी सु. दोन-तृतीयांश मेंदूत व सु. एक-चतुर्थांश मेरुरज्जूत असते, असा अंदाज आहे. उरलेली बहुतांशी कण्यालगतच्या व कवटीतील तंत्रिका गुच्छिका (मज्जातंतूंच्या कोशिकांच्या गाठी) आणि शेषांत्र (लहान आतड्याचा शेवटचा भाग) यांत असते. म्हणजे शरीराच्या एकूण वजनाच्या मानाने अगदी थोडा भाग काढून टाकल्याने जवळजवळ सर्व धोका दूर होऊ शकतो. मात्र तो भाग पूर्णपणे निघणे आवश्यक असते, कारण प्रयोगांत रोगी गुराच्या मेंदूचे केवळ १ मिग्रॅ. द्रव्य तोंडावाटे दिल्यानेही एका वासराला संसर्ग झाल्याचे आढळले आहे. नेहमीचे मांस म्हणजे स्नायू आणि दूध यांच्यामुळे रोग पसरल्याचे आढळलेले नाही.

इतिहास : हा रोग ग्रेट ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९८६ मध्ये वेब्रिज येथील केंद्रीय पशुवैद्यक प्रयोगशाळेत प्रथम ओळखण्यात आला. कत्तलखान्यातील टाकाऊ भाग व मृत जनावरे यांपासून तयार केलेले मांस-अस्थिचूर्ण गुरांच्या खुराकात मिसळल्यामुळे त्याचा प्रसार झाल्याचे लवकरच निदर्शनास आले. तेव्हा जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांना अशा प्राण्यांपासून केलेले चूर्ण खाऊ घालण्यास बंदी करण्यात आली व ऑगस्टमध्ये रोगी गुरांची कत्तल करून ती नष्ट करणे सक्तीचे झाले.

मानवी आहाराच्या दृष्टीने विचार करण्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड साउथवुड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला धोका असणे फारसे संभवनीय नाही, असे समितीचे मत होते. तथापि शासनाने त्यापुढे जाऊन नोव्हेंबर १९८९ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सहा महिन्यांपेक्षा अधिक वयाच्या गुरांचे मेंदू, मेरुरज्जू, यौवनलोपी ग्रंथी, गिलायू, प्लीहा (पानथरी) व आतडी मानवी खाद्यात वापरण्यास मनाई केली. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमध्ये हा नियम जानेवारी १९९० मध्ये लागू झाला. या भागांना तेव्हा ‘विनिर्दिष्ट गोवंशीय अवयव’ असे म्हणत. जोखीम ऊतकांच्या आजच्या याद्यांचे मूळ या नियमात आहे.

नियम योग्य असला, तरी त्याच्या अंमलबजावणीत दोन मोठ्या त्रुटी राहिल्या. पहिली त्रुटी काढलेल्या अवयवांच्या विल्हेवाटीची होती. हे अवयव सप्टेंबर १९९० पर्यंत डुकरे व कोंबड्या यांच्या खाद्यात कायदेशीरपणे वापरता येत होते आणि एकाच गिरणीत सर्व प्रकारचे पशुखाद्य तयार होत असल्याने त्यांचे अंश गुरांच्या खुराकातही जात राहिले. १९८८ च्या बंदीनंतर जन्मलेल्या ४०,००० हून अधिक गुरांना हा रोग झाला. दुसरी त्रुटी प्रत्यक्ष कत्तलखान्यातील होती. १९९५ मध्ये सरकारी पशुवैद्यांनी पूर्वसूचना न देता भेटी दिल्या, तेव्हा मानवी आहारास योग्य असा शिक्का बसलेल्या काही धडांना मेरुरज्जूचे तुकडे चिकटलेले आढळले. अशा कण्यांवर उरलेले मांस यंत्राने खरवडून ते कीमा व सॉसेज यांसारख्या स्वस्त पदार्थांत वापरले जाई. डिसेंबर १९९५ मध्ये गुरांच्या कण्यापासून यांत्रिक रीतीने मांस काढण्यास बंदी करण्यात आली.

२० मार्च १९९६ रोजी ब्रिटनचे आरोग्यमंत्री स्टीव्हन डॉरेल यांनी पार्लमेंटमध्ये, तरुण रुग्णांत आढळलेल्या क्रॉइट्झफेल्ट-याकोप रोगाच्या नव्या प्रकाराचा संबंध बहुधा गुरांच्या या रोगाशी असल्याचे जाहीर केले. या रोगावर उपचार नाही. त्याने मृत्यू पावलेल्यांचे मध्यक वय सु. २८ वर्षे होते. ब्रिटनमध्ये या रोगाचे एकूण १७८ बळी नोंदले गेले असून इतर देशांतील रुग्णांची संख्या पन्नासांहून थोडी अधिक आहे. ब्रिटनमध्ये एकूण १,८०,००० हून अधिक गुरांमध्ये रोगाचे निदान झाले. १९९२ या एका वर्षातच ही संख्या सु. ३७,००० होती. १९९६ मध्ये तीस महिन्यांपेक्षा अधिक वयाच्या गुरांचे मांस मानवी आहारातून वगळण्यात आले. हा नियम नोव्हेंबर २००५ मध्ये रद्द होऊन त्याऐवजी प्रयोगशाळेतील चाचणीची पद्धत आली.

याद्या व वयोमर्यादा : यूरोपीय संघाने ऑक्टोबर २००० पासून सर्व सदस्य देशांस जोखीम ऊतके काढणे बंधनकारक केले व २००१ च्या ९९९ क्रमांकाच्या विनियमात त्यास कायमचे स्वरूप दिले. त्यात पुढे वेळोवेळी बदल झाले आहेत. त्यानुसार गुरांच्या बाबतीत (१) १२ महिन्यांपेक्षा अधिक वयाच्या जनावराची खालचा जबडा वगळून कवटी, मेंदू, डोळे व मेरुरज्जू. (२) ३० महिन्यांपेक्षा अधिक वयाच्या जनावराचा, शेपटीचे मणके इ. काही भाग वगळून, पाठीचा कणा व त्यालगतच्या तंत्रिका गुच्छिका. (३) कोणत्याही वयाच्या जनावराचे गिलायू, लहान आतड्याचा शेवटचा चार मीटर भाग, उंडुक (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) व आंत्रबंध (आतड्यांना आधार देणारा चरबीयुक्त पडदा) ही जोखीम ऊतके होत. ज्या सदस्य देशांत रोगाचा धोका नगण्य असल्याचे मान्य झाले आहे, तेथे २०१५ पासून केवळ पहिल्या गटातील भाग काढावे लागतात. मेंढ्या व बकऱ्या यांच्या बाबतीत १२ महिन्यांपेक्षा अधिक वयाच्या जनावराची कवटी, मेंदू, डोळे व मेरुरज्जू यांचा समावेश होतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कॅनडातून आणलेल्या एका गाईत हा रोग आढळला आणि जानेवारी २००४ मध्ये असेच नियम करण्यात आले. तेथे मेंदू, कवटी, डोळे, मेरुरज्जू, कणा इ. भागांसाठी ३० महिन्यांची मर्यादा असून गिलायू व शेषांत्र मात्र प्रत्येक जनावरातून काढावे लागतात. स्वतःच्या पायांवर उभे राहू न शकणाऱ्या गुरांचे मांसही खाद्यातून वगळण्यात आले. वयाची कागदोपत्री नोंद नसल्यास ते दातांवरून ठरवितात : कायमच्या पटाशीच्या दातांच्या दुसऱ्या जोडीतील एक जरी दात बाहेर आला असला, तरी जनावर तीस महिन्यांचे समजण्यात येते.

वयोमर्यादेमागील कारण रोगाच्या शरीरातील प्रवासात आहे. चार महिन्यांच्या वासरांना रोगी मेंदू खाऊ घालून केलेल्या प्रयोगांत सहा महिन्यांनी शेषांत्रात संसर्ग आढळला. मेंदू व मेरुरज्जूत तो ३२ महिन्यांनी, म्हणजे लक्षणे दिसण्याच्या केवळ थोडा काळ अगोदर सापडला. म्हणून आतड्यांचा भाग लहान वयापासून, तर मेंदू व कणा ठराविक वयानंतर धोक्याचा मानतात.

काढण्याची पद्धत : जनावर बेशुद्ध करण्याच्या रीतीपासूनच खबरदारी घ्यावी लागते. पूर्वी कपाळात दट्ट्या घुसविणाऱ्या पिस्तुलाने जनावर पाडल्यावर त्याच छिद्रातून लांब सळई घालून मेंदू व मेरुरज्जू छिन्नभिन्न करीत, त्यामुळे पाय झाडणे थांबून कामगारांस इजा होत नसे. परंतु त्यामुळे मेंदूचे कण रक्तप्रवाहातून फुप्फुसे व इतर अवयवांत जाऊ शकतात. कवटीत दाबाखाली हवा सोडणाऱ्या साधनाचाही हाच दोष आहे. यूरोपात व अमेरिकेत अनुक्रमे सळईचा व हवेचा असा वापर बंद करण्यात आला. डोक्यावरील मांस काढावयाचे असल्यास मेंदू बाहेर झिरपू नये म्हणून कपाळावरील छिद्र पक्क्या बुचाने बंद करतात. जीभ कापताना गिलायूचा भाग तिच्याबरोबर येणार नाही अशा ठिकाणी छेद घेतात.

सर्वांत नाजूक टप्पा धड उभे चिरण्याचा असतो. करवत कण्याच्या मधोमध चालते, तेव्हा मेरुरज्जू उघडा पडून त्याचे कण मांसावर उडू शकतात. चिरल्यानंतर रज्जू त्याच्या आवरणासह संपूर्ण काढून पोकळी तपासावी लागते. काही ठिकाणी धड चिरण्यापूर्वीच तो शोषून घेतात. यासाठी वेगळी हत्यारे ठेवणे व करवत वारंवार धुणे आवश्यक असते. मोठ्या वयाच्या जनावराचा कणा मांस तोडण्याच्या कारखान्यात किंवा परवानाधारक खाटकाच्या दुकानात काढता येतो.

विल्हेवाट : काढलेली ऊतके लगेच ठळक रंगाने रंगवून वेगळ्या पिंपांत ठेवतात, जेणेकरून ती चुकून किंवा हेतुपुरस्सर पुन्हा खाद्यात मिसळली जाऊ नयेत. यूरोपीय कायद्यात ती प्राणिज टाकाऊ पदार्थांच्या पहिल्या म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वर्गात मोडतात आणि ती मुख्यतः जाळून नष्ट करतात. पूर्वी ज्या भागांना चरबी, सॉसेजचे वेष्टन किंवा पशुखाद्य म्हणून किंमत येत असे, त्यांच्या विल्हेवाटीसाठी आता उलट खर्च करावा लागतो. नियम चुकविण्याचा मोह येथेच निर्माण होतो.

भारत : भारतात हा रोग आढळलेला नाही आणि २०१० मध्ये जागतिक प्राणिस्वास्थ्य संघटनेने देशाला ‘नगण्य धोका’ हा दर्जा दिला. मात्र दुसऱ्या एका रोगाच्या संदर्भात हेच तत्त्व येथेही वापरले जाते. भारतातून म्हशींचे मांस निर्यात होते ते हाडे काढूनच. लाळ्या-खुरकूत या रोगाचा व्हायरस कत्तलीनंतर स्नायूंत निर्माण होणाऱ्या आम्लतेने नष्ट होतो, परंतु हाडांतील मज्जा व लसीका ग्रंथी यांत तो टिकून राहतो. म्हणून अशा मांसातून हाडांबरोबरच प्रमुख लसीका ग्रंथीही काढून टाकतात.

परिणाम : यूरोपीय संघात २००१ मध्ये गुरांतील या रोगाच्या दोन हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या होत्या, आता वर्षाकाठी मोजक्याच आढळतात. या घटीचे मुख्य श्रेय पशुखाद्यावरील बंदीस असले, तरी परिपाककालातील (संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळातील) जनावरांपासून ग्राहकाचे रक्षण जोखीम ऊतके काढण्याच्या नियमानेच होते. तुरळक घटना मुख्यत्वे वयस्क गुरांत आपोआप उद्भवणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या असल्याने रोगाचे पूर्ण उच्चाटन झाले असे मानता येत नाही. मेंदूतील बिघाड बाहेरून दिसत नाही, तोवर करवतीखालून जाणाऱ्या प्रत्येक धडाला सारखेच वागविणे, ही या नियमांची मूळ भूमिका कायम आहे.