घरात साखर, बीपी असताना आरोग्य विमा कसा निवडावा?

आमच्या या पानाकडे सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच आहे. नवऱ्याला साखर, बायकोला बीपी, आईच्या छातीत मध्येच कळ येते; मग आमचा विमा कोण काढणार? नगरच्या नागापूर एमआयडीसीत काम करणारा कामगार हे विचारतो आणि पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणारे कुटुंबही विचारते. विमा नसला की काय होते हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. बचत गटाचे कर्ज, सोन्याचा मणी, शेवटी हातउसने, असा क्रम ठरलेला असतो.

एजंटाला फोन करण्याआधी आपल्या हक्काचे काय आहे ते पाहू.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आता पिवळे, केशरी आणि पांढरे, अशा सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनाखर्च मिळतात. अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, कर्करोगाची केमोथेरपी यांचा त्यात समावेश आहे. जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही, ही यातली सर्वात मोठी गोष्ट. साखर दहा वर्षांची असो की दहा दिवसांची, कोणी विचारत नाही. आमच्या मते ज्या घरात जुनाट आजार आहे त्या घराचा पहिला विमा हाच.

अडते ते कागदांवर. सुनेचे नाव रेशनकार्डावर चढलेले नसते, आधारवर एक आडनाव आणि कार्डावर दुसरे असते. हे दुरुस्त करायचे ते आजारी पडण्याआधी. रुग्णालय योजनेत आहे का, आणि तुमचा आजार तिथे त्या योजनेत होतो का, हे दोन्ही आधी विचारा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, पहिली भेट त्याचीच घ्यावी. योजनेत असूनही पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते.

घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील तर त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, उत्पन्नाची अट नाही.

कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्यांनी पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात आहे का ते पाहावे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. त्या बदल्यात कुटुंबाला दवाखाना आणि रोजच्या गोळ्याही मिळतात, ज्या बाजारातला मेडिक्लेम सहसा देत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा त्याच वाटेने आला. कपात होऊनही कार्ड न काढणारे कामगार आहेत, याचे म्हणूनच जास्त वाईट वाटते.

एवढे झाल्यावरही मेडिक्लेम घ्यावा का? परवडत असेल तर घ्यावा, कारण प्रत्येक आजार योजनेच्या यादीत नसतो आणि प्रत्येक रुग्णालय योजनेत नसते. मात्र घेताना डोळे उघडे हवेत.

जुन्या आजारासाठी कंपनी काही काळ थांबायला लावते, त्याला वेटिंग पिरियड म्हणतात. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षे आहे, पूर्वी चार होता. काही पॉलिसींत तो कमीही असतो. तेव्हा हप्ता किती यापेक्षा आधी हे विचारा: माझ्या साखरेचा क्लेम कितव्या महिन्यापासून मिळेल? मधल्या काळात फुले योजना आधाराला आहेच.

आता एजंटाचे एक वाक्य. "दादा, साखर लिहू नका, हप्ता वाढेल." हे कधीही ऐकू नका. रुग्णालयात दाखल झाल्यावर केसपेपरवर "पाच वर्षांपासून मधुमेह" असे डॉक्टर लिहितात आणि तोच कागद कंपनीकडे जातो. क्लेम नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम अडवता येत नाही, हे खरे. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही उरत नाही. फॉर्म स्वतः वाचा, घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, आणि सही त्यानंतरच करा. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायला तीस दिवस असतात.

दोन अटी खिशाला फार लागतात. एक को-पे. वीस टक्के को-पे असेल तर दोन लाखांच्या बिलात चाळीस हजार तुमचे. दुसरी खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादा तीन हजारांची आणि तुम्ही सहा हजारांची खोली घेतली, तर फक्त भाडेच निम्मे मिळते असे नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च अशा खोलीशी जोडलेल्या रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातात. अशा पॉलिसीत मर्यादेत बसणारी खोलीच मागा.

म्हाताऱ्या आईला सगळ्यांच्या एकत्र पॉलिसीत घालण्याची घाई करू नये. अशा पॉलिसीचा हप्ता बहुतेक वेळा सर्वात मोठ्या वयावर ठरतो. आई बहात्तर वर्षांची असेल तर तिला वय वंदना कार्ड आणि बाकीच्यांना वेगळी पॉलिसी, हे गणित पुष्कळदा स्वस्त पडते. फार घासाघीस जमत नसेल तर आरोग्य संजीवनी हे नाव मागा. ही पॉलिसी सर्व कंपन्यांकडे जवळपास सारख्याच अटींची असते, त्यामुळे तुलना फक्त हप्ता आणि जवळची कॅशलेस रुग्णालये यांचीच करावी लागते. तिच्यात पाच टक्के को-पे आहे आणि खोलीभाड्यालाही मर्यादा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला आहे. एजंट अजून तो धरून हिशेब सांगत असेल तर पावती मागा.

कोणतीही पॉलिसी घेतली तरी रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुधा तुमचाच राहतो. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जनऔषधी दुकान यांची वाट धरावी. तिथल्या तपासण्यांचे कागद फेकू नका, फाईल करा. पुढे क्लेमच्या वेळी तारखा त्यातूनच सिद्ध होतात.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्जही पाठवता येतो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत तो पोचला पाहिजे. सोबत पॉलिसीची प्रत, नकाराचे पत्र आणि केसपेपर जोडा.