बिनव्याजी पीककर्ज आणि चुकलेली तारीख

‘बिनव्याजी’ हा शब्द कानास गोड लागतो. परंतु पीककर्जाच्या बाबतींत या शब्दामागें एक अट उभी असते. ती म्हणजे मुदतींत फेड. तिचा विसर पडल्यास काय घडतें, याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंनीं पेरणीपूर्वींच करावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ सालीं सुरू झाली. त्यावर ३ लाख रुपयांपर्यंतचें पीककर्ज सरकारी साहाय्यामुळें सालीना शेंकडा ७ दरानें मिळतें. मुदतींत फेड करणारास मध्यवर्ती सरकार आणखी ३ टक्के सूट देतें. महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेंतून राज्य सरकारही भर घालतें, आणि २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचें कर्ज वेळेवर फेडणारास तें शून्य टक्क्यानें पडतें. म्हणजे व्याज नाहींच असें नव्हे. तें आपल्या वतीनें दुसरा भरतो, आणि तोही आपण तारीख पाळली तरच.

समजा, एका बागाइतदारानें २ लाख रुपये उचलले. ७ टक्क्यांप्रमाणें वर्षाचें व्याज १४,००० रुपये होतें. भरणा आठ दिवस उशिरा झाला, तर सूट आठ दिवसांची जात नाहीं. सबंध वर्षाची जाते. शिवाय तारखेनंतर सवलतीचा दर संपून बँकेचा नेहमींचा चढा दर लागूं होतो. अल्प मुदतीच्या पिकाचें कर्ज दोन हंगाम थकलें, कीं रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें तें अनुत्पादक ठरतें. मग नवें पीककर्ज अडतें, आणि पुढें विहिरीस वा ट्रॅक्टरास कर्ज मागावयास गेल्यास जुनी नोंद आडवी येते. विकास सोसायटीचा थकबाकीदार सभासद पंचकमिटींत बसूं शकत नाहीं. १९६० च्या सहकारी कायद्याच्या कलम १०१ प्रमाणें वसुलीचा दाखला निघाल्यास ती रक्कम जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणें वसूल करितां येते.

मार्चअखेर सावकाराकडून रक्कम आणून खातें ‘नवें-जुनें’ करण्याची चाल आमच्या परिचयाची आहे. दोन-चार दिवसांत नवें कर्ज हातीं आलें तर ठीक. परंतु सावकाराचा दर दरमहा शेंकडा ५ असेल, तर २ लाखांस महिन्याचे १०,००० होतात. मंजुरी दोन महिने लांबली, कीं वांचविलेल्या १४,००० च्या जागीं २०,००० गेले. सूट वांचवितांना गांठचें सहा हजार घालविणें हा कोणता हिशेब?

आमची सूचना साधी आहे. कर्ज उचलतांनाच फेडीची तारीख लेखी मागून घ्यावी आणि ती घरांतील सर्वांस ठाऊक असावी. पहिल्या विक्रीच्या पैशांतून हप्ता बाजूस काढावा, लग्नकार्य त्यानंतर. भाव पडलेला असल्यास माल फुंकून न टाकतां बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करावी. पीक नैसर्गिक आपत्तीनें बुडालें असल्यास तोंड लपवूं नये. तारीख उलटण्यापूर्वीं बँकेंत वा सोसायटींत लेखी अर्ज देऊन कर्जाच्या रूपांतराची मागणी करावी व पोंच घ्यावी. भरण्याची पावतीही जपून ठेवावी.

वाफसा निघून गेल्यावर केलेली पेरणी जशी साधत नाहीं, तशीच तारखेनंतरची फेडही पुरें फळ देत नाहीं. आमचा शेतकरी वाफसा ओळखतो. तारीखही त्यानें तशीच ओळखावी.