जुनी मोटारसायकल : रफू की पैबंद?

गिऱ्हाईक जुनी जावा, येझदी किंवा बुलेट घेऊन गॅरेजवर येते आणि म्हणते, 'मिस्त्री, हिला पार बदलून टाका.' उंच हँडल, रुंद टायर, कापलेले मडगार्ड, कान फोडणारा सायलेन्सर. मिस्त्रीला काम मिळते, पैसाही मिळतो. मग हरकत कसली?

हरकत हिशेबाची आहे. जावाचेच पाहा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ही गाडी १९६१ पासून तयार होऊ लागली. १९७३ मध्ये येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव दुसऱ्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले, पण ते इंजिन चार स्ट्रोकचे, पाण्याने थंड होणारे. जुन्या दोन स्ट्रोकच्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. तेव्हा आज कापलेले मडगार्ड कारखान्यातून परत मिळणार नाही.

आम्हा कापडवाल्यांना रफू आणि पैबंद यांतला फरक सांगावा लागत नाही. चांगल्या रफूगराचे काम शालीवर शोधूनही सापडत नाही आणि शालीची किंमत टिकते. पैबंद लावला की अंग झाकते, पण शाल गेली. मोटारसायकलीच्या धंद्यात टाकीवर हाताने सोनेरी रेघ ओढणारा, स्पोक बांधून रिम सरळ करणारा, लेथवर न मिळणारा भाग घडवणारा कारागीर हाच रफूगर. असे हात थोडे आहेत, म्हणून त्यांना मजुरी मागता येते. तयार हँडल बसवायला काय, कालचा पोरगाही बसवतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर. सी. बुकातील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. उलट २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातील गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी दिली आहे. मात्र नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही.

आता ज्याला जुन्या गाडीवरच रोज गठ्ठे बांधून बाजार करायचा आहे, त्याला सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्यावर चालव म्हणणे बरोबर नाही. त्याने बारा व्होल्टची वायरिंग करून घ्यावी. चेसिस न कापता, वेल्डिंग न करता केलेला आणि पुन्हा काढता येणारा बदल मला मान्य आहे. काढलेले भाग मात्र भंगारात देऊ नयेत. मिस्त्री बांधवांनी ते बिलावर लिहून, पोत्यात बांधून गिऱ्हाइकाच्या हवाली करावेत.