खाडा गेला कुठे?

महिनाअखेर आली की होस्टेलवर दोनच विषय असतात. एक सबमिशन आणि दुसरा मेसचं बिल. आमच्या मेसच्या हिशोबाचा प्रोग्रॅम मी लिहिलाय, त्यामुळे दुसऱ्या विषयात माझाही थोडा हात आहे. एकदा बिल लागलं आणि माझ्याच विंगमधला एक ज्युनिअर तणतणत आला. "दादा, सहा दिवस घरी होतो, खाड्याचा फॉर्म वेळेत दिला होता. तरी पूर्ण महिन्याचं बिल कसं?" फॉर्म फाइलमध्ये होता, पण कॉम्प्युटरमध्ये खाडा नव्हता. सगळ्यांनी मेसच्या काकांना धारेवर धरलं. काका एवढंच म्हणाले, "बाळा, मी नोंद केली होती रे."

काका खरं बोलत होते. चूक माझी होती, ती अशी.

प्रोग्रॅममध्ये एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे. सन २००० मध्ये डी. रिचर्ड हिप यांनी तो बनवला. अमेरिकेच्या एका युद्धनौकेवरील सॉफ्टवेअरचं काम करताना त्यांना वेगळा सर्व्हर न लागणारा डेटाबेस हवासा वाटला. म्हणून यात सर्व्हर नाही, सगळा डेटा एका फाइलमध्ये असतो. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही तो आहेच. वापरायला इतका सोपा की आपण त्याला गृहीत धरतो. तिथेच फसतो.

आमच्या 'हजेरी' टेबलमध्ये दर जेवणाला प्रत्येकाची एक ओळ पडते. ४०० मुलं, दोन वेळा, वर्षाचे साधारण ३०० दिवस. दोन वर्षांत झाल्या ४,८०,००० ओळी. बिल काढताना मी प्रत्येक मुलासाठी एक क्वेरी चालवत होतो. पहिल्या महिन्यात बिल झटक्यात निघायचं. दोन वर्षांनी काका बटण दाबून चहा पिऊन यायचे. सर म्हणाले, "कॉम्प्युटर जुना झालाय, नवीन मागवू." मीही मान डोलावली.

मग एका सीनिअरने विचारलं, "डेटाबेसला विचारलंस का, तो नक्की काय करतोय?" क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन क्वेरी प्लॅन' हे तीन शब्द लिहिले की एसक्यूलाइट क्वेरी न चालवता आपला बेत सांगतो. उत्तरात 'स्कॅन' आलं तर तो टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणार. 'सर्च' आलं तर इंडेक्स किंवा की वापरून थेट जागेवर जाणार. माझ्याकडे 'स्कॅन' आलं. म्हणजे ४०० मुलांसाठी ४,८०,००० ओळी ४०० वेळा वाचल्या जात होत्या. गुणाकार करा, १९ कोटी २० लाख! कॉम्प्युटर बिचारा काय करेल?

कारण साधं होतं. प्रायमरी की होती नुसता अनुक्रमांक, आणि रोल नंबरवर इंडेक्सच नव्हता. रोल नंबर आणि तारीख असा दोन कॉलमचा एक इंडेक्स केला. 'सर्च' आलं, पण फक्त रोल नंबरपुरतं. तारखेवर मी 'सबस्ट्र' लावून महिना कापून काढत होतो. कॉलमवर असं फंक्शन लावलं की त्या कॉलमसाठी साधा इंडेक्स कामाचा राहत नाही. म्हणून अट बदलली. तारीख १ जुलै किंवा त्यानंतरची, आणि १ ऑगस्टच्या आधीची. आता एका मुलाच्या साधारण ६० ओळी, सगळ्यांच्या मिळून २४,०००. बिल चुटकीसरशी. नवीन कॉम्प्युटरची गरज संपली.

पण खाडा कुठे गेला? संपूर्ण बिल मी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये वाचत होतो. एसक्यूलाइटच्या नेहमीच्या पद्धतीत कोणी वाचत असेपर्यंत दुसऱ्याला लिहिलेलं पक्कं करता येत नाही. बिल चालू असताना काकांनी दुसऱ्या विंडोत खाडा टाकला. डेटाबेसने 'डेटाबेस इज लॉक्ड' असं स्पष्ट सांगितलं, आणि माझ्या प्रोग्रॅमने ती एरर गिळून 'नोंद झाली' असं दाखवलं! बोलणी मात्र काकांनी खाल्ली.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. एरर आली की ती स्क्रीनवर दिसते. 'बिझी टाइमआउट' ५ सेकंद ठेवला, म्हणजे लॉक असेल तर लगेच हात न टेकता तेवढा वेळ तो पुन्हा प्रयत्न करतो. आणि 'वॉल' मोड चालू केला. २०१० पासून ही सोय आहे. यात वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा मात्र एका वेळी एकच, आणि सगळे प्रोग्रॅम एकाच कॉम्प्युटरवर हवेत. नेटवर्क ड्राइव्हवर हा प्रयोग करू नका.

जाता जाता आणखी थोडं. ४०० नोंदी टाकताना प्रत्येकीला वेगळा कमिट देऊ नका. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर सेकंदाला साधारण ६० कमिट होतात, म्हणजे सहा-सात सेकंद गेले. 'बिगिन' आणि 'कमिट'च्या मध्ये सगळ्या टाका, लगेच होतं. इंडेक्सही ऊठसूट करू नका, कारण प्रत्येक नोंदीबरोबर तोही अपडेट करावा लागतो. आणि डेटाबेसशेजारी 'जर्नल' किंवा 'वॉल' नावाची फाइल दिसली तर कचरा समजून उडवू नका. लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेलं काम तिच्याच आधाराने सावरलं जातं.

असो. त्या ज्युनिअरचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले. काकांची मी माफी मागितली. ते हसून म्हणाले, "आता पुढच्या वेळी आधी मशिनला विचार, मग माणसाला." डीबगिंगचं याहून सोपं सूत्र मला अजून कुठल्या लेक्चरला मिळालेलं नाही.