ब्ल्यू-रे डिस्कमधून फाइल : फोटो-व्हिडिओ दुकानदारांसाठी उपयुक्त जोडकाम

काही वर्षांपूर्वी लग्नाचे हाय डेफिनिशन चित्रीकरण ब्ल्यू-रे डिस्कवर देण्याची पद्धत अनेक स्टुडिओंत होती. त्या डिस्क आज घराघरांतील कपाटात पडून आहेत. प्लेअर बिघडला आहे, नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची सोय नाही आणि मुलाबाळांना तर सर्व काही मोबाइलवर पाहिजे. सोनी कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादनही थांबविले. म्हणजे जुनी डिस्क खराब होण्यापूर्वी तिच्यावरील चित्रीकरण उतरवून घेणे ही ग्राहकाची गरज आहे. हे काम लहान दुकानातही होऊ शकते; मात्र त्यामागील हिशेब समजून घेतला पाहिजे.

फाइल एवढी मोठी का?

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मजकूर मावतो, तर एका थराच्या ब्ल्यू-रे डिस्कमध्ये २५ जीबी आणि दोन थरांच्या डिस्कमध्ये ५० जीबी. ब्ल्यू-रेचा निळसर-जांभळा लेसर डीव्हीडीच्या तांबड्या लेसरपेक्षा बारीक खुणा वाचतो. म्हणूनच डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ही डिस्क वाचली जात नाही. यूएसबीने जोडावयाचा ब्ल्यू-रे ड्राइव्ह घ्यावाच लागतो.

समजा, चित्रीकरण सेकंदाला २५ मेगाबिट या वेगाने साठविले आहे. दोन तासांचे ७,२०० सेकंद. गुणाकार १,८०,००० मेगाबिट. त्याला ८ ने भागले की २२,५०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे २२.५ जीबी. हाच वेग ४ मेगाबिट केला तर चित्राची फाइल ३.६ जीबी होते. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि अनेक जुने टीव्ही तोच पेन ड्राइव्ह ओळखतात. तेव्हा हा आकडा लक्षात ठेवावा. चित्रीकरण लांब असल्यास दोन भाग करावेत.

डबा वेगळा, माल वेगळा

येथे अनेकांचा घोटाळा होतो. एमपी-४ किंवा एमकेव्ही हा फक्त डबा आहे. आतील चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे, ती पद्धत वेगळी, एच.२६४ आणि एच.२६५ या अशा पद्धती होत. नुसता डबा बदलला तर काम काही मिनिटांत होते, दर्जा जसाच्या तसा राहतो, पण आकार कमी होत नाही. आकार कमी करायचा तर चित्र नव्याने दाबावे लागते. त्यास वेळ लागतो आणि थोडा तपशील कायमचा जातो. कापलेले कापड पुन्हा सलग होत नाही, तसेच हे आहे.

ग्राहकाला एमपी-४ डब्यात एच.२६४ पद्धतीची फाइल द्यावी. ती जवळपास सर्व मोबाइल व टीव्हीवर चालते. एच.२६५ मध्ये फाइल आणखी लहान होते, पण जुने टीव्ही ती चालवीत नाहीत.

कामाची पद्धत

प्रथम डिस्क मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये. नंतर संपूर्ण डिस्क जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवावी. चित्रीकरण 'बीडीएमव्ही' या फोल्डरमधील 'स्ट्रीम' फोल्डरात असते. सर्व भाग आले की नाही, ते मोजून पाहावे.

आकार कमी करण्यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. दर्जाचा आकडा २० ते २४ च्या दरम्यान ठेवावा; आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर 'डीइंटरलेस' ही सोय चालू करावी. जुन्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणात हा दोष नेहमी आढळतो.

सबंध काम लावण्यापूर्वी एक मिनिटाचा नमुना काढून मोठ्या टीव्हीवर पाहावा. नमुना गर्दीचा, झगमगाटाचा घ्यावा. दर्जा बिघडला तर तेथेच प्रथम दिसतो.

दर आणि जबाबदारी

दर डिस्कवर न लावता चित्रीकरणाच्या तासांवर लावावा. कारण एका डिस्कमध्ये एक तास असेल किंवा चार. दर आधीच सांगावा.

बाजारातील चित्रपटांच्या डिस्क मात्र घेऊ नयेत. त्यांना कुलूप घातलेले असते. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ नुसार गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. चार पैशांसाठी दुकान धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ग्राहकाची डिस्क ही आपल्याकडे अमानत असते. कित्येकदा त्या चित्रीकरणात आज हयात नसलेले आईवडील असतात आणि दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणून लहान फाइलबरोबर मूळ मोठी फाइलही हार्ड डिस्कवर भरून द्यावी, डिस्क परत करावी आणि ग्राहकाने पाहून होकार दिल्यानंतरच आपल्याकडील प्रत पुसावी. घरच्या समारंभाचे चित्रीकरण दुसऱ्या कोणाला दाखवू नये. ज्या दुकानावर एवढा भरवसा बसतो, तेथे ग्राहक पुढच्या लग्नाचे कामही घेऊन येतो.