टिअरड्रॉपच्या पोटाखाली

पॅसाडेनाच्या लुई रॉजर्सने १९३०च्या दशकात आपल्या मधुचंद्रासाठी घरच्या घरी एक छोटा ट्रेलर बांधला. आत दोघांना झोपता येईल एवढीच जागा, मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा, आणि पुढे गोलसर, मागे निमुळता होत गेलेला थेंबाचा आकार. सुरुवातीच्या टिअरड्रॉप कॅम्परांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. आज अमेरिकेतल्या कुणाच्याही गॅरेजमध्ये उभा राहत असलेला टिअरड्रॉप रॉजर्सने लांबूनच ओळखला असता. झोपायची जागा तीच, ओटा तिथेच, लांबी-रुंदीही जवळपास तेवढीच. बदल झाला तो सगळा पोटाखाली: चासी, ॲक्सल, चाकं आणि गाडीला जोडायचा पुढचा दांडा.

कॅलिफोर्नियात आम्ही आमचा टिअरड्रॉप बांधायला घेतला तेव्हा नवऱ्याचं आणि माझं सगळं लक्ष वरच्या आकारावर होतं. खिडकी किती मोठी, ओट्यावर शेगडी कुठे, पत्रा ॲल्युमिनियमचा की नुसतं पॉलिश केलेलं लाकूड. चासी म्हणजे दुकानातून आणायची वस्तू, असंच वाटत होतं. पण जुने आराखडे बघत गेले तसं लक्षात आलं की ट्रेलर किती वर्षं टिकेल, वळणावर कसा वागेल आणि कुठली गाडी त्याला ओढू शकेल, हे सगळं चासीच ठरवते. आणि प्रत्येक पिढीने ती निवडली ती त्या त्या काळी हाताशी, स्वस्तात काय मिळत होतं त्यातून.

पहिल्या पिढीच्या हाताशी फोर्डची मॉडेल टी होती. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटी मॉडेल टी विकल्या. मंदीच्या दिवसांत त्या भंगारात पडून होत्या. पुढे एअरस्ट्रीम कंपनी काढणाऱ्या वॉली बायमची सुरुवातही तिथूनच झाली. त्याने मॉडेल टीच्या चासीवर फळ्यांचा मंच केला आणि मुक्कामाला पोचल्यावर त्यावर तंबू उभारायचा घाट घातला. ते फारच किचकट निघालं, तेव्हा त्याने तंबू काढून तिथे थेंबाच्या आकाराची कायमची खोली बसवली. शंभर डॉलरमध्ये ट्रेलर कसा बांधावा, यावर त्याने लेखही लिहिला.

ज्यांना आख्खी चासी नको होती ते फक्त पुढचा ॲक्सल काढून आणत. तो हलका आणि फुकटासारखा मिळे, पण त्याची चाकं वळण्यासाठी केलेली. ट्रेलरच्या मागे ती स्वतःच्या मर्जीने वळू लागली तर अनर्थच. म्हणून ती सरळ रेषेत आणून कायमची जखडून टाकावी लागत. दुसरं असं, की मॉडेल टीला पुढे स्प्रिंगचा एकच आडवा पाटा असायचा. नुसत्या त्याच्या भरवशावर ॲक्सल पुढेमागे हलणार. त्याला जागेवर धरून ठेवणारे तिरपे दांडेही गाडीतून सोडवून आणावे लागत. हे सगळं जमवणारी माणसं शेतकरी, गॅरेजवाले, शाळामास्तर अशी होती. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका उद्योगाने चासीचं माप ठरवून टाकलं. अमेरिकेत १९२८ साली प्लायवुडची चार फूट बाय आठ फुटांची प्रमाण शीट बाजारात आली, आणि १९३४मध्ये पूर्ण जलरोधक गोंद तयार झाल्यावर हे लाकूड पावसात न्यायला योग्य झालं. एक शीट आडवी टाकली की झाली ट्रेलरची जमीन. न कापता, न जोडता. तेव्हापासून टिअरड्रॉपची चासी बहुधा चार बाय आठची. आपल्याकडचा सुतारही दुकानात 'आठ बाय चार'च मागतो, त्यामुळे हे माप मराठी माणसाला नव्याने सांगावं लागत नाही.

युद्धाने हे सगळं थांबवलं. जानेवारी १९४२पासून अमेरिकेत टायरवर रेशनिंग आलं, पाठोपाठ पेट्रोलवर. युद्ध संपल्यावर मात्र उलट पूर आला. लष्कराचा शिल्लक माल विक्रीला निघाला. जीपची चाकं आणि ॲल्युमिनियमचे पत्रे माफक किमतीत मिळू लागले. १९४५मध्ये कॅलिफोर्नियात किट मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्या मालात टिअरड्रॉपच होते. १९४७ साली मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड मासिकाने हाय सिब्ली यांचा आराखडा छापला, आणि तो अजूनही लोक समोर ठेवून बांधतात. इतका टिकलेला आराखडा दुसरा क्वचितच असेल.

मग १९५०चं दशक आलं आणि टिअरड्रॉप मागे पडला. कुटुंबं वाढली, गाड्या लांब-रुंद झाल्या, आत उभं राहता येणारे ट्रेलर लोकांना हवेसे झाले. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. याचा चासीशी संबंध वेगाचा आहे. छोट्या सामानाच्या ट्रेलरला आठ इंची रिमची चाकं असतात. त्यांचा टायर धरून व्यास साधारण साडेसोळा इंच. ताशी ६० मैलांना असं चाक मिनिटाला सुमारे १२०० फेरे मारतं. गाडीचं पंधरा इंची रिमचं चाक त्याच वेगाला ७५०च्या आसपास. म्हणजे आतली बेअरिंगं दीडपटीहून जास्त राबतात, तापतात, ग्रीस पातळ होतं. गावातल्या गावात लाकडं वाहायला ती चाकं उत्तम. रात्रभर महामार्गावरून न्यायच्या टिअरड्रॉपला मी ती कधीच लावणार नाही. निदान बारा इंची तरी हवीत, आणि जमलं तर ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची. पाच बोल्ट, साडेचार इंचांच्या वर्तुळावर, हे माप ट्रेलरच्या हबवर सर्रास मिळतं आणि बऱ्याच टोयोटा-होंडांनाही तेच असतं. टायरचा व्यासही जुळवला की दोघांत मिळून एक स्टेपनी पुरते.

१९९०नंतर टिअरड्रॉपला पुन्हा बहर आला, आणि या वेळी हाताशी होती खोक्यात मिळणारी चासी. दोन खोकी, एक पिशवीभर नट-बोल्ट, पातळ पत्रा वाकवून केलेले नाल्याच्या आकाराचे लाल रंगाचे बार, मध्ये बिजागरी. काम झालं की ट्रेलर दुमडून भिंतीला उभा करायचा, अशी मूळ कल्पना. टिअरड्रॉपवाले ती बिजागरी बोल्टने कायमची बंद करतात. जाणकार वेल्डर या चासीला नाक मुरडतात. मला ते अन्यायाचं वाटतं. टिअरड्रॉपच्या दोन्ही बाजूंना चार फूट उंचीच्या प्लायवुडच्या भिंती असतात, त्या जमिनीला आणि छताला घट्ट चिकटलेल्या असल्या की सबंध खोली एका खोल तुळईसारखी ताठ होते. तिच्यापुढे खालच्या दोन इंची लोखंडाचा ताठपणा किरकोळ. चासीचं खरं काम भार चाकांपर्यंत आणि दांड्यापर्यंत नेऊन पोचवण्याचं. ते नीट झालं तर पातळ चासीही चालते. नीट झालं नाही तर जाड चासीही तडकते.

खोक्यातल्या चासीची दुसरी बाजू कागदपत्रांची. तिच्याबरोबर उत्पादकाचा दाखला येतो, तो घेऊन मोटार वाहन खात्यात गेलं की नोंदणी सुरळीत होते. स्वतः वेल्डिंग करून बांधलेल्या चासीसाठी तपासणी, लोखंडाच्या पावत्या, नवा क्रमांक मिळवणं, असं बरंच मागे लागतं. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. ज्यांच्याकडे वेल्डिंगचा हात नाही त्यांनी या कारणासाठीच खोक्यातली चासी घ्यावी. फक्त चाकं चढवण्याआधी बेअरिंगं उघडून स्वच्छ करावीत आणि चांगल्या ग्रीसने नव्याने भरावीत. स्वस्त मालात हे काम कारखान्यावर सोडू नये.

आम्ही चासी स्वतः करायची ठरवली, कारण नवऱ्याला वेल्डिंग येतं. प्रश्न उरला ॲक्सलचा. पाटे की टॉर्शन? टॉर्शन ॲक्सलमध्ये चौकोनी नळीच्या आत दुसरी चौकोनी सळई पंचेचाळीस अंशांनी तिरकी बसवलेली असते आणि मधल्या चार कोपऱ्यांत रबराच्या कांड्या. चाकावर भार आला की सळई फिरते, रबर दाबलं जातं. दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात, कुरकुर नाही, तेलपाणी नाही. पण सगळा भार चासीवर दोनच ठिकाणी येतो, तिथे लोखंड भक्कम हवं. आणि वीसेक वर्षांनी रबर कडक झालं की आख्खा ॲक्सल बदलायचा. पाट्यांचा भार पुढच्या आणि मागच्या टोकांच्या आधारांवर वाटला जातो, पाटा तुटला तर कुठल्याही गावात दुसरा मिळतो. मात्र लोक पाटे घेताना हमखास जड घेतात. हजार पौंडांच्या ट्रेलरखाली दोन हजारांचे पाटे लावले की ते वाकतच नाहीत, प्रत्येक खड्ड्याला ट्रेलर उडतो आणि ओट्याखालच्या काचेच्या बरण्या फुटतात. तयार ट्रेलरचं भरल्या सामानासकट वजन काढावं आणि त्याच्या किंचितच वरच्या क्षमतेचे पाटे घ्यावेत. आम्ही पाटे घेतले.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या टेल्कोत गेली, ट्रकच्या चासीच्या लाइनवर. गॅरेजमध्ये आले, खुर्ची ओढून बसले, आणि पुढचा दांडा जिथे पहिल्या आडव्या बारला मिळतो तिथे बोट ठेवलं.

"इथे आडवं वेल्ड मारणार आहात?"

"हो."

"मग इथेच तडा जाईल. सगळा वाक इथे येतो. उभी शिवण मारा, दांड्याच्या लांबीला धरून. आणि भोक पाडायचं तर बारच्या पोटात पाडायचं, वरच्या-खालच्या कडेला नाही. आमच्या ट्रकच्या चासीच्या कडेला ड्रिल लावलं असतं ना कुणी, तर फोरमनने हाकलून दिलं असतं."

ॲक्सलची जागा ठरवतानाही तेच समोर होते. पाटे अजून वेल्ड केले नव्हते, नुसते शिकंज्यांनी धरले होते. चासीवर प्लायच्या शीट रचल्या, भिंतींच्या वजनाइतक्या. पुढे बॅटरी आणि स्टेपनी. मागे ओट्याच्या जागी पाण्याचे कॅन आणि भरलेला कूलर. दांड्याच्या टोकाखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर यायला हवा. आमचा हिशेब ११०० पौंडांचा, म्हणजे काट्यावर ११० ते १६५ दिसायला हवेत. नवऱ्याने कूलर हातभर मागे सरकवला आणि काटा झरकन खाली आला.

"उलाळ होतेय गं गाडी," बाबा म्हणाले. लहानपणी सांगलीकडे उसाच्या गाड्या त्यांनी भरल्या आहेत. मागे भार जास्त झाला की बैलांच्या मानेवरचं जू उचललं जातं. इथे बैलांऐवजी गाडीच्या मागची हिच असते एवढंच, आणि ताशी साठ मैलांना उलाळ गाडी नुसती उचलत नाही, मागून डावी-उजवी झोकांड्या खायला लागते. मग ती सावरणं कठीण. "ॲक्सल मागे घ्या थोडा." घेतला. काटा वर चढला. टिअरड्रॉपचा ओटा मागे असतो, त्यामुळे ही अडचण या आकाराच्या जन्मापासूनची आहे. म्हणूनच जुन्या फोटोंत बऱ्याच टिअरड्रॉपांची चाकं मधोमध नसून किंचित मागे दिसतात.

सध्याची लाट उलट्या दिशेची आहे. खडकाळ वाटांवर न्यायचे टिअरड्रॉप म्हणून जाड चौकोनी नळ्यांच्या चाश्या, दोन्ही चाकांना स्वतंत्र तुटक ॲक्सल, जीपची उंच चाकं. वाळवंटात खरोखर जाणाऱ्यांना त्यांची गरज आहे. बाकीचे मात्र ती चासी घेतात आणि डांबरी रस्त्यावरच्या कॅम्पग्राउंडला जातात. याला माझा विरोध आहे, आणि कारण साधं वजनाचं आहे. इथल्या कितीतरी मराठी घरांच्या दारात उभी असलेली, हायब्रिड नसलेली होंडा सीआर-व्ही अमेरिकेत १५०० पौंड, म्हणजे साधारण ६८० किलो ओढू शकते. कॅलिफोर्नियात १५०० पौंड किंवा त्याहून जड कॅम्प ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावावे लागतात. चासी जड घेतली की ही मर्यादा हां हां म्हणता ओलांडली जाते. मग ब्रेक, मग गाडीत ब्रेकचा कंट्रोलर, मग मोठी गाडी. आमची चासी दोन इंची नळीची झाली, पाट्यांवर, चाकं बारा इंची, दांडा मुद्दाम लांब ठेवलेला, कारण आखूड ट्रेलर मागे घेताना पटकन आडवा होतो. रंग चढला आहे, नोंदणीची तारीख मिळाली आहे. बाबा डिसेंबरात परत गेले. भिंतींचं प्लाय अजून यायचं आहे.